गुरुवारचे लाल खांब

कालिंदीबाईंनी रक्ताचा थेंब तपासणी यंत्राच्या काचेवर टेकवला आणि जमलेल्या नातेवाइकांकडे पाहिलं. "आता कळेल, माझी साखर कोण वाढवतंय ते."

सून हर्षदा समोरच उभी होती. ती सासूच्या जेवणात चोरून गूळ घालते, असं त्यांनी गावभर केलं होतं. आज ते सिद्ध झालं तर तिला माहेरी धाडायचं, हे तिच्या नवऱ्यानंही मान्य केलं होतं.

पूर्वी तपासणीत तीन महिन्यांची सरासरी तेवढी कळायची. हे यंत्र जुन्या-नव्या रक्तपेशी वेगळ्या करून एकेक दिवसाची साखर दाखवायचं. भिंतीवर आलेखाचे हिरवे खांब उमटले आणि त्यांच्यात ठरावीक अंतरानं एकेक उंच, लालभडक खांब.

"हे तर सगळे गुरुवार," नणंद खालच्या तारखा वाचून म्हणाली. "आई, गुरुवारी तुझा उपवास ना?"

"असतोच! त्या दिवशी मी हिच्या हातचं पाणीही पीत नाही. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, खजूर, सगळं माझं मी..."

त्या मध्येच थांबल्या. धाकट्या दिराला हसू आवरेना.

"चुकलंच गं," नवरा पुटपुटला. हर्षदानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"उद्या गुरुवार आहे, आई," ती म्हणाली. "उद्या तुम्ही माझ्या हातची भाकरी आणि मेथी खाणार. मी समोर बसून बघणार."

"अगं, उपवास मोडला तर देवाला काय सांगू?"

"सून वाईट आहे म्हणून सांगा. गावाला सांगितलंतच, आता देवालाही सांगा."