ताटाची डावी बाजू

मेंढरं वळताना जहागीरदाराच्या घोड्याची लाथ मुंजाजींच्या डोक्याला बसली. हकिमाने जखम भरून आणली. डोळे शाबूत होते, पण डावीकडचं जग त्यांच्यापुरतं उरलंच नाही. ताटातली उजवीकडची अर्धी भाकर खाऊन ते उपाशीच उठू लागत. मग त्यांची लेक बायनाबाई ताट फिरवून देई. शेवटपर्यंत हेच चाललं.

दहाव्याला गोदाकाठी पत्रावळीवर कावळा बसला आणि उजवीकडचा भात तेवढा टिपून उडाला.

"शिवला बाई. सुटला माझा भाऊ," दगडाबाई आत्या म्हणाली.

बायनाबाईला चैन पडेना. मेल्यावरही आबा अर्धेच जेवले, तर सुटले कसे? तिने पुढे होऊन पत्रावळी फिरवली. कावळा परत आला. त्याने उरलेला भात संपवला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

घरी ती सगळं जेवली, तरी भूक राहिलीच. ती ताटावरून उठू लागली.

"बायना, आर्धी भाकर कावून टाकलीस गं?"

"कुठं, आत्या? ताट मोकळं हाय की."

आत्याने हात पुढे केला आणि ताट हळूच फिरवलं.