धन्यानं विकलं

"पान दुरुस्तीला गेलंय," दप्तरखान्याच्या बाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

शिक्षिकेला हे उत्तर तिसऱ्यांदा मिळत होतं. जुन्या कागदांना कसर लागते, ते डागडुजीला जातात, हे तिला मान्य होतं. पण नेमकं आपल्याला हवं तेच पान दरवेळी आजारी कसं पडतं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

तिची खापरपणजी गुलाम होती. मोठ्या घरात राबायची. मोठं घर म्हणजे गावातलं सगळ्यात बडं घराणं. त्यांचा शब्द अजूनही कुणी खाली पडू देत नसे. खापरपणजोबा सुतार, स्वतंत्र माणूस. त्यांनी हाडाची काडं करून तिला मोठ्या घराकडून विकत घेतलं आणि बायको करून आणलं. घरातली पोरं ही गोष्ट ऐकतच झोपायची. गावातल्या सुतारकामाच्या कारखान्यावर अजून त्यांचंच नाव होतं. तो आता शिक्षिकेचे काका चालवायचे.

पुढे खापरपणजी तापानं गेली, असं घरी सांगत. पण कागदांत ती पुन्हा सापडली. दूरच्या बंदरावर, परक्या माणसाची गुलाम म्हणून. सुतारानं तिला मोकळं केल्याचा कागद मात्र कुठेच नव्हता.

"मोठ्या घरानं तो जाळला असणार आणि तिला परत पळवली असणार," काका म्हणाले होते. "नाहीतर ताप आलेली बाई बंदरावर कशाला जाते?"

शिक्षिकेलाही तेच वाटत होतं. गुलामगिरी उठल्यावर एका कारकुनानं खापरपणजीची जबानी उतरवून घेतली होती. तिचं पहिलं पान मिळालं. त्याची शेवटची ओळ होती, "मग मला धन्यानं विकलं." आणि पुढचं पान दुरुस्तीला!

रविवारी कारखान्यासमोर स्मारकाचा दगड बसायचा होता. त्यावर नवराबायकोची नावं शेजारी शेजारी, आणि खाली तिला विकणाऱ्याचं. पाथरवट त्या एका नावासाठी खोळंबला होता. इतक्या वर्षांनी का होईना, तिच्या बाजूनं कुणीतरी बोट दाखवायला हवं, एवढंच शिक्षिकेला कळत होतं.

"मॅडम, नाव नसेल तर दगड अर्धवट राहील," शिक्षिका बाईंना म्हणाली.

"मग तिचा शब्दच कोरा ना. धन्यानं विकलं. पुरे आहे की."

"धनी कोण, ते कळायला नको?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मोठ्या घरच्या मालकाला ती जबानीत काय म्हणते, पाहिलंत?"

"सरकार म्हणते. गुलाम बाई, आणखी काय म्हणणार?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. मग चष्मा परत लावत, "तुमच्या काकांची तब्येत बरी आहे ना?"

हिला काकांच्या तब्येतीचं काय पडलंय? शिक्षिकेच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर पडताना तिनं शिपायाला सहज विचारावं तसं बाईंबद्दल विचारलं. तो हसला. "बाईंचं माहेर मोठं घरच की. तुम्हाला ठाऊक नाही?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. एवढे दिवस आपण चोराच्याच हाती किल्ली देऊन बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी ती काकांना घेऊनच आली. काका इस्त्रीचा सदरा घालून, हातात पाथरवटानं दिलेला नमुना घेऊन आले होते. शिक्षिका टेबलासमोर उभी राहिली ती बसलीच नाही.

"माहेरची अब्रू झाकताय ना, मॅडम?"

वाचायला बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. बाईंचा चेहरा उतरला.

"अब्रू झाकतेय, हे खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माझं ऐका, तो दगड तसाच बसवा."

"पान द्या. नाहीतर वर तक्रार करते."

बाई उठल्या. आतल्या कपाटातून त्यांनी एक पातळ पाकीट आणलं. पान धडधाकट होतं. दुरुस्तीचं नावनिशाण नव्हतं.

"बसून वाचा," त्या म्हणाल्या. "आणि मनातल्या मनात वाचा."

"का? तुमच्या माणसांना ऐकू जाईल म्हणून?"

"पोरी, मोठ्यानं वाच," काका म्हणाले. "सगळ्यांना कळू दे."

शिक्षिकेनं घसा खाकरला. खोलीभर ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात तिनं वाचायला सुरुवात केली.

"धन्याला कारखान्यासाठी जागा घ्यायची होती. मी अजून त्याच्याच नावावर होते. माणसं मला न्यायला आली, तेव्हा धाकट्यानं बापाचं बोट सोडलं नाही. ते बरंच झालं. मी एकटीच गाडीत बसले."