विमानांचं मशीन

दोघा भावांच्या गेमच्या दुकानात विमानं पाडायचं एक जुनं मशीन होतं, आणि धाकट्याचा त्यात जीव अडकलेला. थोरला म्हणाला, "नुसती जागा अडवून बसलंय. भंगारात देऊ." धाकटा इरेला पेटला. त्याने फोनवरून गिऱ्हाइकांनाच विचारलं, ठेवू की देऊ?

संध्याकाळपर्यंत तीनशे बारा उत्तरं आली. "हात लावाल तर खबरदार!" "आमचं बालपण आहे ते!" धाकटा हरखून थोरल्याला एकेक वाचून दाखवत सुटला. "परवाच तासभर खेळलो, अजून तीच मजा!" हे वाचलं आणि त्याने फोन खाली ठेवला.

मग उठून त्याने मशीनवर आठ महिन्यांपूर्वी स्वतःच चिकटवलेली 'बंद आहे'ची चिठ्ठी काढली आणि म्हणाला, "दादा, एका बाजूने धर. भंगारवाल्याकडे नेऊ."