कठडा नसलेला जिना

तिच्या सासरचा जिना बघायला देशोदेशीचे लोक यायचे. पांढऱ्या भिंतीतून नुसत्या पायऱ्या बाहेर आलेल्या; ना कठडा, ना आधार. यायचे, "अहाहा, हवेत चालल्यासारखं वाटतं!" म्हणायचे, फोटो काढून निघून जायचे.

वरच्या खोलीत सासरे मात्र सहा महिने अडकून पडले होते. गुडघ्यांनी दगा दिलेला, आणि उचलून न्यावं तर जिन्यावर एका वेळी एकच माणूस मावायचा. खाली अंगणातल्या बाकावर घटकाभर बसायचं, एवढाच त्यांचा ध्यास. शेवटी सुनेनं कठड्यासाठी वारसा वास्तूंच्या जतन समितीकडे अर्ज केला, उंबरठे झिजवले. आज उत्तर आलं.

पलंगाशी बसून तिनं ते वाचून दाखवलं. "या जिन्याला कधीही कठडा लावू नये, अशी अट घर बांधणाऱ्या वास्तुविशारदानंच सहीनिशी लिहून ठेवली आहे. त्यांच्या शब्दाबाहेर आम्हाला जाता येत नाही. क्षमस्व."

सासऱ्यांनी दाराबाहेरच्या पहिल्या पायरीकडे बघितलं.



"सही केली तेव्हा पस्तिशीत होतो गं मी. माणसाला गुडघे असतात, हे कुठे ठाऊक होतं!"