रत्नपारखी

कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या बाईंना दर शनिवारी पदरमोड करून चाळीस जणांचे पगार करावे लागत. एका कारखान्याचा हिशेबनीस मात्र तीन महिने त्यांच्या बिलांवर ठाण मांडून बसला होता. या शनिवारी गल्ल्यात खडखडाट झाला, तशा बाई तडक त्या कारखान्याच्या मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, हा हिशेबनीस आहे की कुलूप? असलं रत्न तुम्हाला सापडलं तरी कुठे?”

मालक खो खो हसले. बाईंचा चेक लिहिता लिहिता त्यांनी ड्रॉवरमधून एक जुनं शिफारसपत्र काढून पुढे सरकवलं.



“याच्या हातून पैसा सहजासहजी सुटत नाही, डोळे झाकून कामावर ठेवून घ्या,” असं लिहून खाली बाईंनीच झोकात सही ठोकली होती.