दुसऱ्या कोरसनंतर

"परत पळालीस," काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला.

थोरलीने ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या. हेडफोनमधला ताल धरायचा ठोका अजून चालूच होता. टक, टक, टक, टक. नळ गळावा तसा.

पळाली होती खरी. पहिलं कडवं चोख, कोरस चोख, दुसरा कोरसही चोख. तो संपला की मात्र हात ऐकेनासे व्हायचे आणि गाणं उतारावरच्या सायकलसारखं सुटायचं. सकाळपासून दर वेळी तिथेच.

"तिथे मला राग येतो," ती म्हणाली.

"दर वेळी? गजर लावल्यासारखा?"

गाणं दोघी बहिणींचं होतं, शाळेत असताना रचलेलं. आईच्या लाँड्रीच्या मालकावर. आई तिथे हॉटेलांच्या चादरी धुवायची. सुटायची वेळ झाली की मालक आणखी एक गाठोडं आणून टाकायचा आणि स्वतः घरी जायचा. तो गेला की चादरींच्या ढिगामागे या दोघी सुरू व्हायच्या. धाकटीकडे गिटार, थोरलीपुढे रंगाचे रिकामे डबे. तेव्हा ते पंक होतं. तीन कॉर्ड, घसा बसेपर्यंत आरडाओरडा, चुकलं तर चुकलं. आता धाकटीला त्याच गाण्याचं पॉप पंक करायचं होतं.

"म्हणजे साखर घालायची," थोरली म्हणाली.

"साखर नाही गं ताई, सूर. कोरस मी तीन आवाजांत गाणार, एकावर एक. लोकांना सोबत म्हणता आलं पाहिजे. तू पळालीस की तिन्ही आवाज एकमेकांच्या पायात येतात."

"पंकमध्ये चूक तशीच ठेवतात. पॉप पंकमध्ये मी ती पुसतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "माझं घर त्यावरच चालतं." मग जरा घुटमळला. "नाहीतर ड्रम मी कॉम्प्युटरवर घालतो. कुणाला कळणारही नाही."

धाकटी हो म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही. ते न म्हणणं थोरलीला नीट ऐकू आलं. बाळ झाल्यापासून एकेक गोष्ट तिच्या हातातून निसटत होती. नोकरी गेली, झोप गेली. आता स्वतःच्याच गाण्यातून ती जाणार होती.

रेकॉर्डिस्ट मात्र अजून त्या जागेवरच अडला होता. "जुनं काही आहे का? तेव्हाचं?"

धाकटीच्या फोनमध्ये लाँड्रीतल्या काही तालमी होत्या. त्याने एक लावली. दुसऱ्या कोरसनंतर गाणं सुटलं. दुसरी लावली, तिसरी लावली. तिथेच.

"राग इतका वक्तशीर नसतो," तो पुटपुटला. त्याने डब्यांचा आवाज दाबला, गिटार दाबली आणि तळातले आवाज वर आणले. एक घुमणं ऐकू आलं. दुसरा कोरस संपताच ते चढायला लागलं. उंच, आणखी उंच.

"हे बघ. आधी हे पळतंय. तू त्याच्या मागून पळतेयस."

थोरलीच्या पाठीला ते पहिल्यांदा आठवलं. जागा नसायची म्हणून तिचं स्टूल कशाला तरी टेकलेलं असायचं. कोमट, थरथरणारं काहीतरी.

बाहेरच्या खोलीतून आईला बोलावलं. ती बाळाला खांद्यावर घेऊन आली. क्षणभर ऐकलं आणि हसली.

"अगं बाई! हे तर आपलं मोठं मशीन. पिळायला लागलं की असंच रडायचं मेलं."

"पण काकू, दर वेळी बरोब्बर तिथेच कसं?"

"मीच लावायचे ना." आई बाळाला थोपटत राहिली. "यांचा तो ओरडा दुसऱ्यांदा झाला की मला कळायचं, अजून निम्मं बाकी आहे. मग पिळायचं बटण दाबायचे. ते सुरू झालं की या पण आटोपतं घ्यायच्या."

"आई! आम्ही तुझ्यासाठी भांडत होतो, आणि तू आम्हाला पिटाळत होतीस?" धाकटी ओरडली.

"भांडत होतात, छानच होतं ते. पण कधी एकदा घरी जाते असं व्हायचं, माझे पाय दुखायचे गं."

रेकॉर्डिस्ट खो खो हसला. धाकटीही. थोरली आईच्या पायांकडे बघत होती. सकाळपासून आई बाळाला घेऊन बाहेर फेऱ्या घालत होती. आत आली तीही उभीच.

थोरली उठली. झोपलेलं बाळ तिने काचेपलीकडच्या सोफ्यावर नेऊन ठेवलं. एक खुर्ची ओढत आणून स्वतःच्या स्टुलामागे लावली, पाठीला पाठ लागेल अशी.

"बस. चपला काढ आधी." तिने आपले हेडफोन आईच्या कानांवर चढवले आणि काचेकडे बघून म्हणाली, "दादा, ठोका बंद करा." मग हेडफोनची एक वाटी जरा उचलून आईला सांगितलं, "कंटाळा आला की पाठीने ढकल."

धाकटीने गिटार उचलली. पहिलं कडवं गेलं. कोरस गेला. दुसरा कोरस संपत आला तशी थोरलीने पाठ सावध केली.

आईची पाठ तिथे होती. उबदार, जड, निवांत. ती हलली नाही.

थोरलीचे हात तसेच पुढे गेले, त्याच चालीने. धाकटीने गाता गाता मान वळवून पाहिलं.

शेवटची झांज विझली. रेकॉर्डिस्टची नजर पडद्यावरच्या तालाच्या रेघांवर होती. "ठोका बंदच होता," तो म्हणाला. "आणि एक रेघ इकडची तिकडे नाही."

"ड्रम ताईचेच राहतील," धाकटी म्हणाली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पण हे आता पंक झालं की पॉप पंक?"

आईने हेडफोन काढले.

"एवढ्यात संपलं?"