फक्त बाबांच्या पिशव्या

जुनी खाण बंद पडल्यापासून छोट्या चिमणीच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली होती. त्यामुळे मागच्या टेकडीत तांबं शोधायला नवी कंपनी आली, तेव्हा उरलेली गल्ली देव पाण्यात घालून बसली. चिमणीचे बाबा दिवसभर टेकडीवर माती चाळायचे, तळव्याने जाळीवर घासघासून, आणि नंबर टाकलेल्या पिशव्या भरायचे.

तपासणीचा निकाल आला. बाकीच्या कामगारांच्या पिशव्या अगदी कोऱ्या, आणि बाबांच्या मात्र प्रत्येक पिशवीत तांबं!

"चिमणे, तुझ्या बाबांच्या हातालाच यश आहे गं!" शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि बांधलेलं सामान त्यांनी परत सोडलं. चिमणीची कॉलर आठवडाभर ताठ होती. बाबांनी तर शहरातली ठरलेली नोकरीही नाकारली.

मग मोठं यंत्र आलं. बाबांनी माती घेतलेल्या जागांवरच त्याने चार खोल भोकं पाडली आणि चारही वेळा नुसता कोरा दगड वर आला. शेवटी कंपनीचे साहेब स्वतः घरी आले. बाबांनी चहा पुढे केला, तर साहेब कप घ्यायचं सोडून त्यांच्या हाताकडेच बघत राहिले.

"हे काढून माती चाळायची असते हो... कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"



बाबांचं मनगट दुखतं म्हणून चिमणीने वाढदिवसाला दिलेलं तांब्याचं कडं, जाळीवर घासून घासून, एका बाजूने कागदासारखं पातळ झालं होतं.